शेजारणीक इचार

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार होती. आभाळ खाली उतरून आलेलं, पण पाऊस नाही. माडाची एक झावळीही हलत नव्हती. काकी पडवीत पाय लांब करून कोकमाचे रातांबे फोडत बसली होती. एका टोपात बिया, दुसऱ्यात सालं, आणि तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे-लाल. तो आंबट वास पडवीभर भरून राहिला होता आणि त्यावर चिलटं घोंघावत होती. तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून माझी भाची बसली होती. ती पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करते. प्रबंधासाठी तिला वेगवेगळ्या वयाच्या माणसांकडून प्रश्नावल्या भरून हव्या होत्या, म्हणून चार दिवस माझ्याबरोबर आमच्या गावी, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला आली होती. काकीला लिहिता येतं, पण हात भरलेले आणि चष्मा आत, त्यामुळे भाचीने वाचायचं आणि काकीने सांगायचं असं ठरलं.

पहिल्याच रकान्याशी अडलं. 'नाव (ऐच्छिक)'. भाचीने विचारलं, "आजी, नाव लिहू ना?" काकीने हातातला रातांबा फोडला, बी टोपात टाकली आणि म्हणाली, "खयचां?" म्हणजे कुठलं? भाचीला ते कळलं नाही. मला कळलं, म्हणून मी मध्ये पडले, राहू दे म्हटलं, ऐच्छिकच आहे ना ते. मग वय झालं, शिक्षण झालं, 'चौथी पास' लिहून झालं. आणि मग ते वाक्य आलं: माझ्यात अनेक चांगले गुण आहेत, असं मला वाटतं. पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत. भाचीने चारही पर्याय नीट, सावकाश वाचून दाखवले. काकीचा हात थांबला. ती भाचीकडे बघून अशी हसली, जसं एखाद्या लहान मुलाने मोठ्या माणसाचा पगार विचारल्यावर हसावं.

"आपल्या तोंडान आपलां बरां कसां सांगूचां? शेजारणीक इचार."

"पण आजी, तुला स्वतःला काय वाटतं?"

"तांच सांगतंय मगो. शेजारणीक इचार."

भाचीने तो चौकोन कोरा सोडला. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात कोराच आहे.

रात्री ओटीवर पडल्या पडल्या भाची मला समजावून सांगत होती. वर पंखा कुरकुरत होता, मध्येच वीज जात होती, आणि अंधारातही तिचं बोलणं थांबत नव्हतं; तिच्या विषयावर तिचा जीव आहे. ती प्रश्नावली मॉरिस रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची, 1965 सालची. दहा वाक्यं, निम्मी स्वतःबद्दल चांगलं बोलणारी, निम्मी वाईट. न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कुलात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी त्याने ती तयार केली आणि पुढे ती जगभर गेली. दुसरी प्रश्नावली जगण्यातल्या समाधानाची. ती एड डीनर आणि त्याच्या सहकाऱ्यांची, 1985 सालची. पाच वाक्यं, प्रत्येकाला एक ते सात गुण, म्हणजे कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त पस्तीस. मग 1995 साली याच डीनरने मॅरिसा डीनरबरोबर 31 देशांतल्या तेरा हजारांहून अधिक कॉलेजविद्यार्थ्यांना दोन्ही गोष्टी विचारल्या: तू स्वतःला किती मानतोस, आणि तुझ्या आयुष्यावर किती खूश आहेस. एकूण पाहता दोन्ही हातात हात घालून चालतात असं दिसलं. पण ती पकड सगळीकडे सारखी घट्ट नव्हती. जिथे माणूस आधी 'मी' म्हणून वाढतो, अशा देशांत ती जास्त घट्ट होती, आणि जिथे तो आधी कुणाचा तरी कुणीतरी म्हणून वाढतो तिथे सैल. पुढे 1997 मध्ये हाँगकाँग आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर असाच एक अभ्यास झाला. त्यात संशोधकांनी आपल्या माणसांशी किती जुळतं हेही विचारलं, आणि समाधानाची एक मोठी वाट तिकडूनही जाते असं त्यांना आढळलं. हाँगकाँगच्या मुलांच्या बाबतीत स्वतःबद्दलच्या मताचं वजन अमेरिकेतल्यापेक्षा तुलनेने कमी भरलं.

"म्हणजे काकीला स्वतःबद्दल बरं वाटत नाही, असं नाही ना?" मी विचारलं.

"नाही गं मावशी," ती म्हणाली. 2005 साली 53 देशांत हीच दहा वाक्यं विचारून झाली. सर्वांत कमी सरासरी जपानची आली, तरी तीही मधल्या रेषेच्या वरच होती. एकही देश रेषेखाली गेला नाही. स्वतःला अगदीच टाकाऊ समजणारा समाज त्यांना सापडला नाही. मात्र उलटी लिहिलेली वाक्यं, म्हणजे 'मी काहीच कामाची नाही' अशा धर्तीची, वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांनी वेगवेगळ्या अर्थाने घेतलेली दिसली. हे ऐकून मी अंधारातच उठून बसले, कारण दुपारी नेमकं तेच झालं होतं. भाचीने वाचलं होतं, कधी कधी मला वाटतं की मी काहीच कामाची नाही. काकी लगेच म्हणाली होती, "पूर्ण सहमत लिव. ढोपरां गेली, आता कामाची खय ऱ्हवलंय मी! फुडच्या वर्सा रातांबे कोण काढतलो देव जाणे." तिने गुडघ्यांबद्दल उत्तर दिलं होतं. झाडावर चढणाऱ्या गड्याबद्दल, पावसाआधी वाळायला हव्या असलेल्या सालांबद्दल. भाचीने तिथे खूण केली आणि माझ्या काकीच्या आत्मसन्मानाचे तेवढे गुण कमी झाले.

'गुण' या शब्दापाशी मी बरेच दिवस अडकून होते. आपल्याकडे औषधाचा गुण येतो. मीठमिरच्या ओवाळल्यावर गुण पडतो. सुनेचा पायगुण असतो, वैद्याचा हातगुण असतो. या सगळ्या बोलण्यात गुण कुणाच्या आत बंद करून ठेवलेला नसतो. तो दुसऱ्याला लागू पडल्यावरच कळतो. औषधाने स्वतः म्हणून काय उपयोग, ताप उतरला की नाही ते आजाऱ्याने सांगायचं. 'हाताला चव आहे' असं आपण म्हणतो तेव्हाही चव जेवणाराच्या जिभेवर असते आणि श्रेय हाताला जातं, बाईला नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना आपली आपण स्तुती करणाऱ्याला त्यात घातलं, आणि ते आमच्या घरात कुणी वाचलेलं नसतानाही सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी मी रांगोळी काढून "बघा किती छान" म्हटलं की आई म्हणायची, ते दुसऱ्याने म्हणायचं. 'सेल्फ एस्टीम'ला पाठ्यपुस्तकात आत्मसन्मान हा शब्द आहे, चांगला आहे. पण काकीच्या बोलण्यात तो कधी आला नाही. तिच्याकडे 'मान' आहे, आणि मान द्यायला समोर कुणीतरी लागतं. ज्याने तो स्वतःच घेतला त्याला ती 'ताठो' म्हणते.

मी मात्र गेली अठ्ठावीस वर्षं दर मार्चमध्ये स्वतःला गुण देत आले आहे. मुंबईत ज्या कंपनीत मी आहे तिथे वर्षाखेरीला एक फॉर्म येतो. वर्षभरात तुम्ही काय साध्य केलं ते लिहा आणि पाचपैकी स्वतःला गुण द्या. पहिल्या काही वर्षांत मी तीन लिहायची. तीन म्हणजे ठीक, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं. एका वर्षी एक मोठं काम जवळजवळ एकटीने ओढलं होतं, तरी फॉर्ममध्ये 'आमच्या टीमने' असंच लिहिलं, आणि पगारवाढ दुसऱ्याला मिळाली. साहेब म्हणाले, तुम्हाला स्वतःला मांडता आलं पाहिजे. त्या संध्याकाळी लोकलच्या दारात उभी राहून मी रडले होते. पुढच्या वर्षी पहिल्यांदा लिहिलं, 'हे मी केलं.' लिहिताना बोटं जड झाली होती. पण ते वाक्य लिहून झाल्यावर जे वाटलं ते मी विसरलेले नाही. दिवसभर पाठ सरळ होती. कुणी काही म्हटलं नव्हतं, कुणाला ठाऊकही नव्हतं, तरी आत एक दिवा लावून ठेवल्यासारखं वाटत होतं. म्हणून 'स्वतःकडे बघणं' हे परक्यांचं फॅड आहे असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. तो दिवा खरा होता. माझ्या आईच्या पिढीतल्या किती बायकांना तो एकदाही लावायला मिळाला नाही, हेही मला ठाऊक आहे.

आणि तरी मनात दुसरीही एक गोष्ट आहे. मी दहा वर्षांची असताना बाबा मला पहाटे किनाऱ्यावर रापण बघायला न्यायचे. होडी अर्धगोल घेऊन जाळं सोडत जायची आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर यायचे. मग माणसांच्या दोन रांगा, पाय वाळूत रुतवून, मागे झुकून, हळूहळू एकमेकींजवळ सरकत ओढत राहायच्या. मीही दोर धरायची. ओल्या दोराने तळहात सोलून निघायचे आणि नंतर खारं पाणी लागून झोंबायचे. जाळं वर आलं की वाळूत चांदी सांडल्यासारखी मासळी उसळायची. मग वाटे पडायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, रापणकरांचे वाटे. आणि माझ्यासारख्या दोराला नुसत्या लटकलेल्या पोरीच्या ओंजळीतही कुणीतरी दोन बांगडे टाकायचं. मी किती ओढलं हे कुणी मोजलं नव्हतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. ते दोन बांगडे घेऊन घरी येताना मी किती उंच होते ते पुढे कुठल्याच मार्चमध्ये मला अनुभवता आलेलं नाही.

हे लिहिताना एक भीती वाटते. मुंबईहून येणारी माणसं गाडीतून उतरतात, आमच्या अंगणात सोलकढी पितात आणि म्हणतात, किती साधी माणसं, किती समाधानी. मला ते ऐकवत नाही. काकीला दुसरी प्रश्नावली विचारली तेव्हा मी तिथेच होते. आयुष्यावर तुम्ही समाधानी आहात का, तर म्हणाली, "आसा तर. गाय व्याली, झिलाचो फोन येता, आंबो यंदा बरो लागलो." भाचीने आनंदाने सहावर खूण केली. मग शेवटचं वाक्य आलं: पुन्हा आयुष्य जगायला मिळालं तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही. काकी गप्प झाली. इतका वेळ गप्प राहिली की तेवढ्यात मांजर येऊन रातांब्याच्या टोपाचा वास घेऊन गेलं. मग खाली बघत म्हणाली, "चवथीच्या फुडे शिकाक व्हयां होतां." आणि लगेच, "पण तां लिव नको."

कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत, कुंटणखान्यांत आणि फुटपाथवर राहणाऱ्या 83 माणसांशी रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर बोलले होते. तो अभ्यास 2001 साली छापून आला. भाचीने मला तो वाचून दाखवला. एकूण आयुष्याचं समाधान थोडं उणेच्या बाजूला होतं. पण आयुष्याच्या एकेका अंगाबद्दल विचारलं तेव्हा तीच माणसं समाधानाच्या बाजूला झुकली, आणि त्यामागे नात्यागोत्याचा आधार असावा असं संशोधकांनी म्हटलं. तरीही सुस्थितीतल्या लोकांपेक्षा त्यांचं समाधान कमी होतं, हेही त्यांनी तितकंच स्पष्ट लिहिलं आहे. आणि त्या 31 देशांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट अशी की गरीब देशांत पैशाबद्दलचं समाधान आणि आयुष्याचं समाधान यांची गाठ जास्त पक्की निघाली. काकीला हे सांगायला अभ्यास लागणार नाही. ती म्हणतेच, "पैसे आसले काय माणूस बरां बोलता."

आणि शेजारणीला विचार म्हणणाऱ्या काकीला शेजारणीने काय दिलं, तेही सांगितलं पाहिजे.

काका गेले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आषाढात गेले आणि भाद्रपदात गौरी आल्या. काकीने पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला, सुपं धुतली, पानं पुसली, प्रत्येक सुपात काय काय ठेवायचं ते मला शिकवलं. ओवशाला, म्हणजे गौरीला सुपं वाहायला, सवाष्ण बायका जमल्या. काकी एक राहिलेलं सूप घेऊन माजघराच्या दारापर्यंत आली, आणि शेजारच्या घरातली म्हातारी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "तू आता मागीलदारी ऱ्हव." बस, एवढंच. कुणी काही बोललं नाही. माझी आई बोलली नाही, मी बोलले नाही. काकीने सूप माझ्या हातात दिलं आणि मागीलदारी जाऊन चुलीतली लाकडं मागे ओढली. त्या दिवशी गाव तिच्याकडे ज्या नजरेने बघत होतं त्या नजरेनेच ती स्वतःकडे बघू लागली, हे मी पाहिलेलं आहे. पदर डोक्यावर पुढे आला तो कायमचा. ज्याचा 'मी' लोकांच्या हाती असतो त्याचा तो लोक काढूनही घेऊ शकतात, आणि त्याबद्दल कुठे दाद मागता येत नाही.

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारनेही इतर गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी काकीजवळ होते. मी मुद्दाम आवाज वाढवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "तां त्या गावात." आणि मीठ बघायला आत गेली.

आता नावाचं. 'खयचां?' म्हणाली ते का, ते भाचीला मी परतीच्या प्रवासात सांगितलं. काकीचं माहेर खाडीपलीकडे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं, ते सासूने निवडलेलं. जुनं नाव तिथेच ताटात राहिलं. या घरात ते कुणी कधी उच्चारलं नाही. ती आधी धाकल्याची बायको, मग झिलाची आवस, म्हणजे मुलाची आई, मग सगळ्यांची काकी. मला तिचं माहेरचं नाव कळलं तेच मुळी चाळिशी उलटल्यावर, गावपळणीत.

गावपळण आमच्याकडे काही वर्षांनी होते. रामेश्वराचा कौल मिळतो, नगारा वाजतो, आणि सगळं गाव घरांना कड्या घालून, गुरं-ढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री. माळावर झापांच्या खोपी उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, रात्री भजनं होतात. मागे वळून पाहिलं तर गावात एक दिवा नसतो. त्या वर्षी मी रजा काढून गेले होते. आमची खोप खाडीच्या अंगाला होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकीचा भाऊ माशांची पिशवी घेऊन होडीने आला. त्याला आमच्यातली नेमकी खोप ठाऊक नव्हती, म्हणून तो माळाच्या टोकाला उभा राहिला आणि तोंडाशी हात धरून त्याने हाक मारली. एक नाव. मी ते पहिल्यांदाच ऐकलं. कुणीतरी दुसरं कुणी असेल म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, आणि माझ्या शेजारी चुलीपाशी बसलेली काकी एकदम "ओय!" म्हणून उठली. ती 'ओय' मी विसरू शकत नाही. तो पासष्ट वर्षांच्या बाईचा आवाज नव्हता. पदर खांद्यावर पडलेला, केस उघडे, ती माळावरून झपझप गेली आणि मध्ये कुठेही ढोपरं दुखली नाहीत. त्या माळावर माजघर नव्हतं, मागीलदार नव्हतं. तो भाऊ आठ वर्षांपूर्वी गेला. आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. ते नाव मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

मुंबईला परतल्यावर एका रात्री मी भाचीची प्रश्नावली स्वतःसाठी भरून पाहिली. चाळीसपैकी बत्तीस. चांगले आहेत म्हणे. समाधानाचे एकवीस. भाची म्हणाली, मधल्यापेक्षा थोडेसे वर. दोन्ही आकडे समोर ठेवून मी बाल्कनीत बसले आणि माझ्या मनात आलं, मला कुणी 'शेजारणीला विचार' म्हटलं तर? आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. समोरच्या घरातल्या बाईला माझं आडनाव ठाऊक आहे, कारण ते पाटीवर आहे. तिची मुलगी दहावीला होती ते मला पेढ्यांवरून कळलं. मी दोन वर्षांपूर्वी तापाने पाच दिवस पडून होते ते तिला अजूनही ठाऊक नाही. मीच कुणाला कळवलं नाही, कारण कुणाला त्रास कशाला. माझे बत्तीस गुण मला कुणी काढून घेऊ शकत नाही. पण त्याला साक्षीदारही नाही. रात्रभर मला वाईट वाटत राहिलं, आणि नेमकं कशाचं ते सकाळपर्यंत सांगता येत नव्हतं.

गणपतीला गावी गेले. या खेपेला ठरवूनच गेले होते.

पाचव्या दिवशी दुपारी शेजारची वैनी आली. त्याच घरातली, त्या म्हातारीची सून. म्हातारी जाऊन वीस वर्षं झाली. वैनीही आता साठीच्या पुढे आहे. काकी आत भाकऱ्या थापत होती, तव्यावरचा धूर बाहेर येत होता. बाहेर पाऊस. कौलांवरून पागोळ्या पडत होत्या आणि अंगणात तेरड्याची फुलं वाकली होती. वैनी पायरीवर बसून पाय पुसत होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, वैनी, आमची काकी माणूस कशी आहे?

वैनीने माझ्याकडे बघितलं. मी गंमत करत नाही हे तिला दिसलं असावं. तिने 'प्रेमळ' म्हटलं नाही, 'कष्टाळू' म्हटलं नाही. एकही विशेषण तिने वापरलं नाही. बराच वेळ पावसाकडे बघून ती म्हणाली, "माझो पयलो झील झालो ना, तेव्हा असोच पावस. व्हाळ भरलेलो, साकव व्हावान गेलेलो. सासू तापान झोपलेली, घोव मुंबयत. माझ्या पोटात तीन दिस अन्न नाय. ही चार दिस व्हाळातसून पेज घेवन येय. डोक्यार टोप, लुगडां ढोपराच्या वर. चार दिस." मग थांबली. पदराने तिने उगाच पायरी पुसली. तिला पुढचंही आठवलं असणार. ती तेव्हा नवी सून होती, आणि पुढे काही वर्षांनी त्या ओवशाच्या दिवशी तीही माजघरात होती. माझ्यासारखीच. आम्ही दोघी काही बोललो नाही.

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. काकीला सगळं ऐकू गेलं होतं.

"पयल्या दिसाच्या पेजेत मीठ जास्त पडलां होतां," ती आतूनच म्हणाली.

"नाय ओ काकी," वैनी म्हणाली, "बरोबर होतां."

"जास्त होतां. माका म्हायत आसा मगो."

आणि पुन्हा थापण्याचा आवाज सुरू झाला.